तेवीस मुलांचा एक जून

निवतळच्या वाचनालयाला एक पडवी होती, आणि त्या पडवीत वर्तमानपत्रांच्या बाकाशेजारी एक काळा फळा टांगलेला असे. रोज सकाळी सातला दाजी हिर्लेकर त्यावर दिनविशेष लिहीत. आजच्या तारखेला पूर्वी कधी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. आचऱ्याच्या बाजाराला निघालेली माणसं फळ्यापाशी क्षणभर थांबत, वाचता येणारा मोठ्यानं वाची आणि बाकीचे ऐकून पुढे जात.

दाजींचं पाळण्यातलं नाव सदानंद. तरुणपणी मुंबईत एका पेढीवर कारकून होते, पण छातीचं दुखणं जडलं आणि डॉक्टरांनी समुद्राकाठी जाऊन राहायला सांगितलं. समुद्र घरच्याच दारात होता. परत आले ते कायमचे. गावानं नुकतंच वाचनालय काढलं होतं, त्याची किल्ली त्यांच्याकडे आली आणि अडतीस सालापासून हा फळाही आला.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी जगाचं लिहायचं, मग गावाचं. एकोणतीस मे रोजी एव्हरेस्ट सर झाल्याचं लिहिलं की त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ‘१९४९ : भाई तिरोडकर यांच्या विहिरीस पाणी लागले’ असं येई. भाई हे वाचनालयाचे चिटणीस. त्यांना हे आवडायचंही आणि लाजही वाटायची.

“अरे दाजी, एव्हरेस्टाखाली माजी बाव? लोक हसतत मरे.”

“हसांदेत. त्या शिखरार कोण ऱ्हवता सांग बघू? तुज्या बावीचा पाणी अर्धी वाडी पिता.”

हे सगळं एका बांधीव वहीतून येई. वहीला तीनशे सहासष्ट पानं होती. एका तारखेला एक पान, पानावर एकेका वर्षाला एकेक ओळ. एकोणतीस फेब्रुवारीलाही पान होतं आणि त्यावर अगदी थोड्या ओळी होत्या, त्यामुळे दाजींना त्या पानाची जरा कीव येई. कुणाकडे मूल झालं, कोण वारलं, कुणाची नवी होडी पाण्यात उतरली, हे संध्याकाळी वहीत जाई. गावातली ज्या दिवसाची ओळ त्याच दिवशी लिहायची, हा त्यांचा नेम. एखाद्या दिवशी लिहायचं राहिलं तर ती ओळ कोरीच राही. पुढे कधी आठवलं तरी ते भरत नसत.

“रिकामी ओळ बघून माका कसासाच होता,” त्यांची बायको यशोदा म्हणायची. “भरून टाका की. कोण बघता?”

“रिकामी आसा म्हणानच बाकीचे भरलेले,” दाजी म्हणत. यशोदेला ते पटत नसे, पण ती दिव्याची वात वर करून देई.

या वहीत एकच पान असं होतं की जे दाजी भराभर उलटत. ते एक जूनचं. त्यावर मुंबई-पुण्याची दख्खनची राणी तीस साली पहिल्यांदा धावली ती नोंद होती, आणखी दोन-तीन होत्या. गावातलं मात्र काहीच नव्हतं. आणि गावातली तर एका वर्गभर पोरं, शाळेच्या कागदावर, त्याच दिवशी जन्मली होती.

ती पोरं दाजींनीच जन्माला घातली होती, असं भाई थट्टेनं म्हणत. झालं होतं असं की पन्नास सालच्या जूनमध्ये शाळा उघडली आणि नाव घालायच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांना विंचू चावला. उजवा हात कोपरापर्यंत सुजला. दाजींचं अक्षर सगळ्या गावात नावाजलेलं, म्हणून हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. दाजी रजिस्टर घेऊन बसले, हेडमास्तर शेजारी हात झोळीत घालून बसले, आणि दारात आया पोरांची बोटं धरून उभ्या राहिल्या.

“जन्म कधीचा?”

“ताऱ्यांची होडी फुटली बघा, त्या वर्साचो.”

“तुझा गो?”

“हेचो आजो गेलो, त्येच्या म्हयन्यान झालो.”

दाजींनी दोन-तीन वेळा हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर कण्हत म्हणाले, “दाजी, आपण इथे इतिहास लिहायला बसलेलो नाही. सहा वर्षं मागे जा आणि एक जून घाला. सगळे मास्तर तेच घालतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, हिशेबाला बरं पडतं.”

दाजींनी एक जून एकोणीसशे चव्वेचाळीस घातलं. एकदा घातल्यावर मग पुढच्याला विचारायचंही राहिलं. त्या दिवशी तेवीस मुलं दाखल झाली आणि तेवीसही एका दिवशी जन्मली. अक्षर मोत्यासारखं आलं होतं. घरी जाताना दाजींना वाटलं की आपण तोंडात काहीतरी चुकीचं घातलंय आणि ते आता थुंकताही येत नाही.

त्यांच्यात गोदूबाईची आनंदी होती. गोदूबाई कुबल ही मासे विकणारी. तिचा नवरा सहदेव होडीवरचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, वर्षाचे आठ महिने समुद्रावर. दाजींनी विचारलं तेव्हा तिनं चटकन सांगितलं होतं, “गावपळणीत झालां आमचां चेडू.” तेवीसांत एवढं नेमकं उत्तर दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. निवतळला तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन तीन दिवस वेशीबाहेर जातो. गावात चिटपाखरू राहत नाही. त्रेचाळीस सालची गावपळण दाजींना स्वतःला पाठ होती. पण लेखणी एक जूनला सरावली होती. त्यांनी मान हलवली आणि तेच लिहिलं.

त्यानंतर अकरा वर्षं गेली.

आनंदी सातवी झाली आणि घरी बसली. घरी म्हणजे आईच्या पाटीला हात लावायचा, आणि दुपारी हौसाबाईकडे जायचं. हौसाबाई गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. आनंदी तिच्याबरोबर जाऊन पाणी तापवायची, कपडे उकळायची, आणि हळूहळू हौसाबाईच्या आधी तिलाच कळू लागलं की बाळ आडवं आहे. कोल्हापूरकडच्या एका इस्पितळात नर्सचं आणि सुईणपणाचं दोन वर्षांचं शिक्षण मिळतं, हे तिनं दाजींच्या वाचनालयातच वर्तमानपत्रात वाचलं होतं. सतरा वर्षं पूर्ण हवीत, एवढीच अडचण. ती चार वर्षं सतरा पूर्ण व्हायची वाट बघत होती.

एकसष्टच्या मे महिन्यात अर्ज आला. दाजी पडवीत बसून चष्म्यातून तो वाचत होते, समोर गोदूबाई पाटी खाली ठेवून उकिडवी बसली होती आणि आनंदी खांबाला टेकून उभी होती. रशियाचा माणूस आभाळात जाऊन आल्याला महिनाही झाला नव्हता आणि गावात अजून त्याचीच चर्चा होती. गोदूबाईला मात्र कोल्हापूर त्याहून लांब वाटत होतं.

दाजी वाचता वाचता थांबले. पुन्हा वाचलं.

“काय ता?” गोदूबाईनं विचारलं.

“एकतीस मे रोजी सतरा पूर्ण होयी.”

“मगे? झाली मा सतरा?”

“शाळेच्या दाखल्यार एक जून आसा.” दाजींचा आवाज बारीक झाला. “एका दिसान कमी पडता.”

गोदूबाई हसली. तिला वाटलं, दाजी गंमत करतायत. “एक दीस? एका दिसाचा काय ता! माशाक पण लोक एवढी घासाघीस करनत नाय.”

आनंदी हसली नाही. तिनं अर्ज दाजींच्या हातातून घेतला, स्वतः वाचला आणि परत दिला. मग म्हणाली, “बाबा म्हणतत, यंदा जागा गावली तर जा, नाय तर मार्गशीर्षात लगीन. देवगडची माणसा पावसाआधी जबाब मागतत.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून दाजींना ते जास्त लागलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तो स्वच्छच होता.

“ती तारीख मी लिवलंय,” ते म्हणाले. “तुज्या आवशीन गावपळण सांगितलेल्यान. मी एक जून लिवलंय.”

गोदूबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुमी?” ती म्हणाली. “तुमी तर कोंबड्याची तारीख चुकनास नाय!”

दुरुस्तीचा अर्ज हेडमास्तरांमार्फत मालवणला दिपोटीकडे गेला. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. त्यांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. जन्माच्या वेळी केलेला लेखी पुरावा घेऊन चोवीस मे रोजी समक्ष हजर व्हावे.

लेखी पुरावा म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर. ते पोलीस पाटलाकडे असे. दाजी तिथे गेले. त्रेचाळीसच्या डिसेंबरात तीन दिवस कोरे होते. बरोबरच होतं. गावात गावच नव्हता तर नोंद कोण करणार? मग दाजी व्हाळ, म्हणजे वेशीवरचा ओढा, ओलांडून मसुरवणला गेले. गावपळणीत निवतळची माणसं त्याच गावच्या माळावर झोपड्या घालून राहतात. तिथल्या म्हाताऱ्या पाटलानं दप्तर उघडायचीही तसदी घेतली नाही.

“तुमच्या गावचां चेडू. आमी कित्याक लिवतलंव?”

“पण जन्मलां तुमच्या जमनीर.”

“अहो, त्या तीन दिसांत तुमची दोनशे माणसा, चारशे ढोरा नि किती कोंबडे हयसर होते. सगळ्यांका आमच्या गावचे करू?”

दाजींना हसू आलं. परत येताना व्हाळाच्या मधोमध दगडावर ते जरा थांबले. हद्द इथूनच जात होती. अलीकडचा म्हणतो पलीकडची, पलीकडचा म्हणतो अलीकडची, आणि मुलगी कागदावर कुठेच जन्मलेली नाही. शाळेच्या रजिस्टरात तेवढी जन्मली आहे, तीही आपल्या अक्षरात, एक जूनला.

संध्याकाळी त्यांनी वही काढली. चौदा डिसेंबर. बेचाळीसची ओळ होती, चव्वेचाळीसची होती. त्रेचाळीसची कोरी. त्या गावपळणीत गुरं सोडायच्या गडबडीत वही घरीच राहिली होती, आणि एकदा कौलाप्रमाणे वेस ओलांडली की वहीसाठीसुद्धा मागे येता येत नाही. यशोदेनं त्यांच्या खांद्यावरून पान पाहिलं आणि दिव्याची वात वर करून दिली. एरवी ‘भरून टाका’ म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाई तिरोडकर वाचनालयात आले. वाचनालयात दुसरं कोणी नव्हतं. भाईंनी खिशातून शाईच्या गोळीची पुडी काढून टेबलावर ठेवली. पन्नासच्या आधीची, जुन्या बनावटीची.

“ह्या काय?”

“जुनी गोळी. माळ्यार गावली. ओळ रिकामी आसा, माका यशोदावयनी म्हणाली. लिव. ‘सहदेव कुबल यास कन्यारत्न.’ चार शब्द. साहेब वही बघतलो, तुजा अक्षर बघतलो, तेचा समाधान होतला.”

“भाई—”

“खोटां सांगतंय काय मी? चेडू त्याच दिसा झालां. तुका म्हायत, माका म्हायत. खरां तां लिवक कसलां पाप?”

भाई खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांचा आवाज उतरला.

“नि दुसरां सांगतंय. साहेबासमोर जाऊन ‘मी एक जून अंदाजान घातलंय’ असां म्हणशीत, तर तो तेवीसच्या तेवीस उकरून काढतलो. आमचो धोंडू औंदाच नौदलात लागलो, तो पण तुज्याच एक जूनचो. तेचा खरां वय निघालां तर परत पाठयतले तेका. एका चेडवासाठी बावीस पोरांचो सत्यानाश करतलस?”

भाई गेले. पुडी टेबलावरच राहिली.

दाजींनी दौतीत पाणी घेतलं, गोळी विरघळवली आणि टाक बुडवला. बाजूला एक जुनी पावती होती, तिच्या पाठीवर त्यांनी लिहून पाहिलं. सहदेव कुबल यास कन्यारत्न. शाई चांगली उमटली. अक्षरही वयानं फारसं बदललं नव्हतं. गोदूबाई उन्हातून परत येताना दारात थांबली होती. तिनं वाचता येत नसतानाही ओळखलं की दाजी काहीतरी ठरवतायत.

“लिवा दाजीनू,” ती म्हणाली. “खरांच तर आसा. मी आवस, माका म्हायत नाय तर कोणाक?”

टाक वहीवर होता. पण दाजींच्या डोळ्यांसमोर ते एक पान नव्हतं, बाकीची तीनशे पासष्ट होती. या गावात कुणी भांडताना म्हणालं, ‘दाजींच्या वहीत बघा,’ की भांडण मिटत असे. आतापर्यंत त्यांनी एकदाच न विचारता लिहिलं होतं, तेही दुसऱ्याच्या रजिस्टरात. त्या एका सकाळी तेवीस खोट्या तारखा निघाल्या होत्या. ही ओळ खरी होती, पण आज लिहिलेली होती. ती त्रेचाळीस सालची म्हणून दाखवायची, तर त्या पानावरच्या बाकीच्या ओळी कुणी खऱ्या का मानाव्यात? विहिरीच्या पाण्याची, होड्यांची, मेलेल्या म्हाताऱ्यांची?

त्यांनी टाक पुसून ठेवला.

“गोदूबाय, ह्या वहीत मी खोटां नाय लिवचंय. नि खरांही मागच्या तारखेन नाय लिवचंय.”

गोदूबाईचा चेहरा पडला. “मगे चेडवान काय करूचा? तुमची वही राखूची?”

उत्तर आनंदीनं दिलं. ती आईला शोधत आली होती आणि दारात उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं.

“दाजीनू, गावपळण कधी झाली ह्या देवळाच्या दप्तरात नाय काय लिवलेला? कौलाचा लिवतत मा?”

दाजी तिच्याकडे बघतच राहिले. मग हसले, आठवडाभरात पहिल्यांदा. “लिवतत,” ते म्हणाले. “नि माज्याकडे त्या वर्साचा पंचांग आसा.”

देवळाच्या दप्तरात नोंद सापडली. शके अठराशे पासष्ट, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, कौल झाला, गाव बाहेर. दाजींनी पंचांगाच्या गठ्ठ्यातून ते वर्ष काढलं आणि बोट ठेवून पाहिलं. सोमवार, तेरा डिसेंबर. आनंदी दुसऱ्या दिवशीची. चौदा. मंगळवार. त्याच तारखेला नॉर्वेची माणसं दक्षिण ध्रुवावर पोचली होती, हे दाजींच्या मनात आपोआप आलं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

चोवीस मेच्या सकाळी दाजी, गोदूबाई, आनंदी आणि साक्षीला हौसाबाई अशी चौघं एसटीनं मालवणला गेली. हौसाबाईनं एसटी याआधी पाहिली होती, पण बसत होती जन्मात पहिल्यांदाच. तिनं दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली आणि मालवण येईपर्यंत सोडली नाही.

“हौसे, पोट दाबून बसशील तर उलटी होतली,” गोदूबाई म्हणाली.

“गप ऱ्हव. हजार बायांका ‘कळ सोस’ सांगितलंय, आता माजी मी सोसतंय.”

सारी बस हसली. आनंदी तेवढी खिडकीबाहेर बघत होती.

दिपोटी साहेब वयानं तिशीपस्तीसचे, देशावरचे, पातळ आवाजाचे. त्यांनी देवळाच्या दप्तराची नक्कल वाचली, पंचांग पाहिलं.

“यावरून गाव त्या दिवशी बाहेर होता, एवढंच कळतं. मुलगी त्या दिवशी झाली, हे कशावरून?”

दाजींनी हौसाबाईला पुढे केलं.

“बाई, ही मुलगी कोणत्या तारखेला झाली?”

“तारीख माका काय ठावक? दुसरो दीस होतो. पयल्या दिसा झोपडी घातलंव. दुसऱ्या दिसा फाटफटी माजो कोंबो व्हाळात पडलो. मी तेका काढूक गेलंय, इतक्यात हिची हाक. कोंब्याक सोडलंय नि ह्या चेडवाक काढलंय.”

साहेबांना अर्धं कळलं. दाजींनी उरलेलं सांगितलं. साहेबांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“आणि कोंबडा?”

“तो आपणच इलो भायर,” हौसाबाई म्हणाली. “कोंबोच तो.”

साहेबांनी आता शाळेच्या रजिस्टरचा उतारा समोर घेतला. “रजिस्टरात एक जून आहे. हे अक्षर कोणाचं?”

“माझं,” दाजी म्हणाले. मालवणीतून ते आता शाळेच्या मराठीत आले होते आणि पाठ ताठ झाली होती. “मी शिक्षक नाही. हेडमास्तरांचा हात दुखत होता म्हणून मी लिहिलं. या मुलीच्या आईनं मला त्या दिवशी गावपळणीचं सांगितलं होतं. मला दिवस काढता आला असता. मी काढला नाही. ही तारीख मी अंदाजानं घातली आहे.”

साहेबांनी उतारा वर ते खाली पाहिला. दाजींना माहीत होतं आता काय येणार.

“इथे तेवीस नावं आहेत. बाकीची बावीस?”

खोलीत पंखा फिरत होता. दाजींना धोंडू आठवला, नौदलाचा पांढरा पोशाख घालून काढलेला फोटो भाईंनी वाचनालयात सगळ्यांना दाखवला होता. खोटं बोलायचं तर आताच, आणि ते सोपं होतं. ‘बाकीच्यांच्या आयांनी तारखा सांगितल्या होत्या’ एवढंच म्हणायचं.

“बावीसही तशीच,” ते म्हणाले. “तेवीसही माझ्या अंदाजानं. पण त्यांच्यापैकी कोणी आपल्याकडे अर्ज घेऊन आलेलं नाही, साहेब. आणि त्यांच्या खऱ्या तारखा मला माहीत नाहीत. ही एक माहीत आहे.”

साहेबांनी उतारा दुमडला.

“मी चाळीस शाळा तपासतो. चाळीसही शाळांत पोरं एक जूनलाच जन्मतात. मला वाटायचं, कोकणात त्या दिवशी पाळणे टांगतात की काय. पण आजवर इथे येऊन ‘हे मी लिहिलं’ असं कोणी म्हणालं नव्हतं.” त्यांनी कागद पुढे सरकवला. “लिहा. फक्त या मुलीपुरतं. ‘सदर नोंद माझ्या हातची असून ती अंदाजाने केलेली आहे.’ खाली सही. आणि यापुढे शाळेच्या रजिस्टरात तुम्ही हात घालायचा नाही.”

“नाही घालणार,” दाजी म्हणाले, आणि लिहिलं. हौसाबाईनं खाली अंगठा दिला. गोदूबाईचाही घेतला. अंगठ्याची शाई पदराला पुसताना गोदूबाई हळूच दाजींना म्हणाली, “झाली काय सतरा?”

“झाली. पाच म्हयने झाले.”

गोदूबाईनं आनंदीच्या पाठीत एक धपका दिला. “बघ! आणि मी हिका अजून बारकी समजान मासळीचे काटे काढून देतंय.”

दुरुस्तीचा हुकूम एकोणतीसला आला आणि त्याच दिवशी अर्जाबरोबर कोल्हापूरकडे गेला. जागा मिळाल्याचं पत्र आलं आणि जूनच्या मध्यावर आनंदी पत्र्याची ट्रंक घेऊन निघाली. सहदेव तांडेल तिला पोचवायला गेला, कारण पावसाळ्यात होडी किनाऱ्यालाच होती. देवगडच्या माणसांना त्यानं सांगितलं, दोन वर्षं थांबायचं तर थांबा. ते थांबले नाहीत. गोदूबाईनं चार दिवस त्यांना शिव्या घातल्या आणि पाचव्या दिवशी विसरली.

गावात मात्र दाजींना ते महिने जड गेले. भाई वाचनालयात येत, वर्तमानपत्र वाचत, आणि जाताना दाजींकडे न बघता चपला घालत. बावीस घरांत बातमी गेली होती. कुणी काही बोलत नव्हतं, पण फळ्यापाशी थांबणारी माणसं कमी झाली. कुणी एकानं तर, फळ्यावरचं वाचून, पाठ फिरवताना म्हटलं, “ह्यातला तरी खरां काय?” दाजींनी ते ऐकलं. त्यांनी त्या दिवशी फळा पुसला नाही आणि दुसऱ्या दिवशीही वेळेवर सातला लिहिला. धोंडूला कोणी परत पाठवलं नाही. मालवणहून कुठलाही कागद आला नाही. तरी भाई बोलेनात.

श्रावणातल्या एका दुपारी अक्का वाचनालयात आली. अक्का म्हणजे भाईंची बायको. वाचनालयात ती कधी येत नसे, म्हणून दाजी उठूनच उभे राहिले. तिनं आधी पडवीत कोणी नाही हे पाहिलं, मग डोक्यावरचा पदर सारखा करून बाकाच्या टोकावर बसली.

“दाजीनू, तुमका एक सांगूचां होतां. ह्येंका सांगू नकास.”

“सांग.”

“आमचो धोंडू. शिमग्यात झालो. त्रेचाळीसच्या. देवाची पालखी आमच्या दारात इली, मी ओवाळूक उठलंय, नि तशीच आत गेलंय. पालखी पुढच्या घराक पोचाच्या आधी तो झालो. सगळे म्हणाक लागले, देवान दिलो.” मग ती फळ्याकडे बघत म्हणाली, “शाळेत घालताना मी सांगणार होतंय. पण तुमी विचारलासच नाय. माज्या आधीच्या बाईक विचारलात, माका नाय. मी येवढा घोकून गेलेलंय.”

दाजींचा हात आपसूक वहीकडे गेला.

“लिवू नकास!” अक्का पटकन म्हणाली. “खंयच लिवू नकास. पोराची नोकरी जायत. फक्त तुमका म्हायत असांदे. माज्यानंतर कोणाक तरी म्हायत होया.”

दाजींनी वही मिटवली आणि बाजूला ठेवली.

“पालखी खंयच्या बाजून इली?” त्यांनी विचारलं.

“वरच्या वाडीकडसून.”

“म्हणजे शिमग्याचो तिसरो दीस.”

“होय, तिसरोच,” अक्का म्हणाली आणि तिचं तोंड उजळलं. “सकाळचा नवाचा टायम होतां. तेचा पाय आधी इलो, हौसाबाय घाबारली...”

बाहेर पाऊस सुरू झाला होता. दाजी खुर्ची पुढे ओढून, हात मांडीवर ठेवून, ऐकत बसले.